मी कुठली निराधार?

प्रिय धाकट्या,

अक्षर ओळखलंस का? नऊ वर्षांत विसरला असशील, तर सांगते, मी ताई. तुझा पत्ता तुझ्याबरोबर वर्कशॉपात होता त्या लंबूने दिला. आधी नाही नाही म्हणत होता, मग मी त्याच्या दारातच फतकल मारून बसले, तेव्हा नमला. घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाही. भांडायला आता अंगात त्राणही उरलं नाही.

आई गेल्या थंडीत मोरीत पडली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण तिने अंथरूण धरलं ते धरलंच. मी अजून हॉस्पिटलच्या धुलाईतच आहे. सकाळी तिला पुसून, पाण्याची बाटली उशाशी ठेवून, दाराला बाहेरून कुलूप लावून जाते. हो, कुलूप. संध्याकाळी येते तेव्हा ती ओल्यातच पडलेली असते. जगाच्या चादरी धुते मी आणि माझी आई अशी. पाठीला जखम झाली आहे, आत बोट जाईल एवढी. मलम लावताना ती ओरडतही नाही रे. तेच मला सोसत नाही.

धुलाईतल्या एका बाईने सांगितलं, अंथरुणाला खिळलेल्या निराधार म्हाताऱ्यांना सरकार भत्ता देतं आणि दिवसभर सोबतीला बाईही देतं. मी अर्ज केला. माझा पगार त्यांच्या मर्यादेत बसत होता. प्रश्न होता तो फक्त सांभाळणारा मुलगा आहे की नाही, एवढाच. चौकशीला एक साहेब घरी आले. चांगला माणूस होता, चपला बाहेर काढून आला. तो म्हणाला, आजी, तुम्ही निराधार आहात एवढं लिहून घेतो. झालं! आई अशी भडकली की मला वाटलं आता उठून बसते. निराधार असतील तुझे शत्रू म्हणाली, माझा वाघासारखा मुलगा आहे, महिन्याच्या महिन्याला पैसे धाडतो. आणि उशीखालून पाकिटांचा गठ्ठा काढून तिने त्याच्या हातात ठेवला.

आता तू म्हणशील, मी कधी धाडले? तू नाहीच धाडलेस. ती पाकिटं माझी आहेत. तू गेल्यावर आईने जेवण टाकलं होतं. तेव्हा मी माझ्याच पगारातल्या दोन नोटा पाकिटात घातल्या आणि डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली, मी खुशाल आहे, तब्येतीला जप. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मग दर महिन्याला लिहावंच लागलं. कधी तुला सर्दी झाली, कधी बढती मिळाली. अरे, दोनदा बढती दिली मी तुला!

साहेबांनी एकेक चिठ्ठी वाचली आणि कागदावर लिहिलं, मुलगा नियमित सांभाळतो. आईने हौसेने सही केली. मी तिथेच उभी होते, हातात मलमाची डबी. तोंड उघडलं नाही. तिच्यासमोर कसं उघडणार होते? दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सगळं ओकले. खिडकीतली बाई म्हणाली, तुमच्या तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही, आईंची सही आहे. आईंनी जबाब बदलावा, नाहीतर मुलाने स्वतः लिहून द्यावं. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, नंतर अर्ज निकालात.

आईला सांगायला मी तीनदा तिच्या उशाशी बसले. तिन्ही वेळा तिने विचारलं, या महिन्याचं पाकीट आलं का गं? सांग, कशी सांगू?

म्हणून हे पत्र. सोबत एक कागद आहे, तिकीट लावलेलं पाकीटही आहे. कागदावर तुझ्या नावाने लिहिलंय की मी आईला सांभाळत नाही, कधी पैसे पाठवले नाहीत, तिच्याशी माझा संबंध नाही. खाली फक्त सही कर. ये म्हणत नाही, पैसेही मागत नाही. नऊ वर्षांत तुझ्याकडून एवढं एकच मागते आहे आणि त्यात खोटं एक अक्षर नाही. आईला यातलं काही कळणार नाही. तिला तुझी चिठ्ठी एक तारखेला मिळेल, लिहायला घेतलीच आहे.

तुझीच,
ताई