सरांच्या नावाची इमेज

८ जाने., गुरुवार
इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची तयार प्रत, झाली एकदाची. लॅबमधलं मशीन चालू केलं की ते नेटवर्कवरून इमेज उचलतं, डिस्क पुसतं, नवी सिस्टिम घालतं. पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलाखाली वाकणं संपलं. चौरागडे सर, आमचे विभागप्रमुख, पाठीमागे उभे राहून चहा पीत होते. म्हणाले, "एवढ्याशा कामाले एवढा टाइम काऊन लागून राहिला, मॅडम?" स्वतःला माउस धड धरता येत नाही.

१० जाने., शनिवार
मंगळवारी संस्थेचे अध्यक्ष बघायला येणार. चौ.चं फर्मान: बूट होताना स्क्रीनवर 'संकल्पना व निर्मिती : प्रा. चौरागडे' आणि खाली फोटो. फोटोही दिला, लग्नातला, फेट्यासकट. माझं नाव? "तुमचं काय, तुम्ही तर काँट्रॅक्टवर आहा." टाकला फोटो. फेटा कापला थोडा. मला अजून जूनपर्यंत त्याच्या सहीवर जगायचं आहे.

आणि मध्ये येणारा 'डिस्क पुसू का?' हा प्रश्नही काढायला लावला. "साहेबासमोर एक बी सवाल नको. क्या सोचेंगे वो?" काढला.

१२ जाने., सोमवार
नवं खूळ. स्वतःचा लॅपटॉप प्रोजेक्टरला लावून त्यावरच स्वतःचं नाव उमटवून दाखवणार. त्या लॅपटॉपवर त्याचा पीएचडीचा प्रबंध आहे, हे सगळ्या स्टाफला ऐकवून झालंय. म्हणून मी वेगळी दिखाऊ इमेज केली: नाव, फोटो दाखवून थांबते, डिस्कला हात लावत नाही. सर्व्हरवर त्याचा लॅपटॉप तेवढा तिला जोडायचा, नाहीतर तो लॅबची पुसणारी इमेज उचलेल.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी दारात असताना चौ. म्हणाला, "ती? ती तर माझी ऑपरेटर." सगळे हसले. कुडव्याला घरी येईपर्यंत गाडीवर दात आवळूनच होते.

१३ जाने., मंगळवार
जोडला नाही.
विसरले असं सांगायचं ठरवलंय, पण इथे कशाला खोटं लिहू? सकाळी सर्व्हरसमोर बसले होते. वेळ होता.

अध्यक्ष, हार, पेढे. चौ.नं लॅपटॉप चालू केला. नाव आलं, फोटो आला, टाळ्या. मग डिस्क पुसल्याचे टक्के चढू लागले. हा हसतोय, अध्यक्षांना सांगतोय, "पाहा, आपोआप होते." नेटवर्कची वायर माझ्या हाताशी होती. ओढली असती तर बरंचसं वाचलं असतं. मी पूर्ण होऊ दिलं. मजा आली. हो, आली.

दुपारी त्याला कळलं. कॉपी? नाही. पांढराफटक पडला. "मॅडम, ताई, काहीतरी करा." ताई! लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवून गेला. म्हटलं, बघते. कपाटात टाकला.

१६ जाने., शुक्रवार
चौ. तापानं घरी. त्याची बायको आली, कामठ्याहून बसनं, एकटी. डब्यात माझ्यासाठी अनरसे. बोटांना पट्ट्या. मी विचारलं काय झालं, तर धान झोडताना म्हणाली.

"प्रबंध सारा मीच टाइप केला, जी. यायले टायपिंग कुठं येते? हे बोलत, मी लिहो. पोरं झोपली का बसो." मग आवाज खाली आणून, "मधातले दोन भाग तर मीच रचले. यायले नका सांगू मी बोलली म्हणून. निघन तेवढं काढून द्या."

मी म्हटलं, होईल. तोंडातून निघून गेलं. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरकले. कीव नाही आली, खरं सांगते. घाबरले.

ती गेल्यावर कपाट उघडलं. डिस्क काढून माझ्या मशीनला लावली, पुसलेल्या फायलींचा शोध चालू केला. फायलींची नावं येताहेत: प्रकरण एक, प्रकरण दोन, संदर्भ. पहिली उघडली. नुसत्या चौकटी, अक्षर एक नाही. दुसरीत चार ओळी मराठी, नीट वाचता येणाऱ्या, पुढे पुन्हा चौकटी. तिसरीवर बोट ठेवून बसले आहे. अनरसे कुणीतरी खाऊन टाका.