आमच्या मासोळ्यांचं नाव

१६ जानेवारी
साकोलीच्या बाजारात आज दोनच गिऱ्हाइकं, तीही बाहेरगावची. बाकी बायका माझी टोपली पाहून पुढे जातात. वंदनाताईंच्या मुलीच्या साक्षगंधात जेवून पाहुणे आजारी पडले, त्याला दोन महिने झाले. मासोळ्या आमच्या होत्या. लोकांना तेवढं पुरतं.

२१ जानेवारी
वंदनाताईंनी केटररवर भंडाऱ्याला ग्राहक आयोगात तक्रार टाकली होती. त्याचं लेखी उत्तर आलं. मासोळ्या सडक्या होत्या म्हणे, दोष विकणाऱ्याचा. ते ऐकून आमचे हे घरी आले नि जाळं अंगणात टाकून बसले. म्हटलं, "कायले मनाले लावून घेता?" रात्री जेवले नाहीत.

२३ जाने.
वंदनाताईंच्या घरी गेले. वाटेत दोनदा थांबले. ताई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. चहा दिला. सरळ विचारलं, "तुमालेही आमच्याच मासोळ्या वाटतात काय?" ताई कप उचलायला लागल्या. खाटेवरून त्यांची म्हातारी आई बोलली, "मी त मासोळी खाल्लीच नाही. दात कुठं आहेत मले? दहीवडा खाल्ला, न तीन दिवस सलाईनवर होती."
ताईंनी वही काढली. साक्षगंधात जेवलेल्या एकेकाला फोन लावत गेल्या. काय काय खाल्लं होतं, आठवून सांगा.

२६ जाने.
सगळ्यांचं विचारून झालं. दहीवडा ज्यानं ज्यानं खाल्ला तो पडला. नुसती मासोळी खाणारे धडधाकट.
ताई म्हणाल्या, "मी तुमचं नाव कुठं घेतलं नव्हतं." मग वही मिटत, "पण लोक बोलत होते तवा नाहीही म्हटलं नाही." 
बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत राहिलं.

४ फेब्रु.
शपथपत्रं झाली. आजींचं एक, यांचं एक. ताईंच्या वकिलानं लिहिलं, मासोळ्या ताज्या होत्या. हे अडून बसले. "ताज्या नाही साहेब, जित्या लिहा. फरक आहे." वकील हसला, पण लिहिलं. येताना यांनी समोसे खाऊ घातले.

९ फेब्रु.
वंदनाताई भर बाजारात आल्या. टोपलीपाशी बसून निवडून निवडून दोन रोहू घेतले, कापायला लावले. घाई केली नाही. त्यांच्यामागून पोस्टातल्या बाई आल्या, मग आणखी दोघी. दुपारीच टोपली रिकामी. हे संध्याकाळी जाळं शिवत गुणगुणत होते, किती दिवसांनी.

१८ फेब्रु.
भंडाऱ्याला तारीख होती. केटररच्या वकिलानं मुदत मागितली, आता पुढच्या महिन्यात. बाहेर पायऱ्यांवर केटरर आमच्याजवळ आला. "वहिनी, चुकलं माझं, तुमचं नाव टाकाले नव्हतं पाहिजे. पण दही मी घरी नाही लावलं. खेड्यातली एक बाई देते, तिच्याकडून आणलं होतं. आता वकील तिचं नाव टाकू म्हणून राहिला."
बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. हे खुशीत होते. मी विचारलं, "ती बाई कोणत्या गावची, विचारलं काय तुम्ही?"
यांनी मान हलवली. नाही.