नागतळीच्या मृतांच्या यादीतलं एक नाव कमी करण्याबाबत

मी, नीलिमा दावीद अमोलिक, वय ५८, निवृत्त परिचारिका, ख्रिस्ती, अविवाहित, राहणार जेसल पार्क, भाईंदर पूर्व, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन येत्या शुक्रवारी, १२ फेब्रुवारीला आहे. गुंगीचं औषध त्या दिवशी मिळेल. आज डोकं ठिकाणावर आहे. पस्तीस वर्षं मी लोकांना टेबलावर निजवलं आहे, तेव्हा "काही होत नाही हो" असं मला कोणी सांगू नये.

कलम १. माझा राहता फ्लॅट, बँकेतली ठेव आणि शिवणयंत्र एस्तेर हिला मिळावं. वय अंदाजे नऊ. ती मला मम्मी म्हणते. कायद्यानं ती माझी मुलगी नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना दत्तक घेता येत नाही. कोर्टानं मला तिची पालक नेमलं आहे, एवढंच. मी काही न लिहिता गेले तर सगळं माझ्या भावाकडे जाईल आणि पोरगी उघड्यावर पडेल. ती सज्ञान होईपर्यंत सगळं माझी जुनी सहकारी संध्या दळवी, राहणार मीरा रोड, हिनं सांभाळावं. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनंच पाहावी. संध्या कडक आहे, पोरीला वेण्या फार घट्ट घालते, पण तिच्या हातून कधी औषध चुकलेलं नाही.

कलम २. माझा भाऊ प्रितम अमोलिक याला वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ. ते त्यानं १९८७ सालीच नेलं आहे, आता ते कायदेशीर झालं. एस्तेरला त्यानं माझ्या तोंडावर "कुठली कोण पोर" म्हटलं होतं. त्यानंतर त्याच्या घरचा नाताळाचा केक मी खाल्लेला नाही. फ्लॅटवर त्याचा कसलाही हक्क नाही.

कलम ३. ओंजळ सेवा मंडळीचे पास्टर उत्तम वाघचौरे यांना माझा फ्लॅट प्रार्थनेसाठी हवा होता. त्यांना मी मंडळीच्या मासिकाचे सगळे जुने अंक देते. डिसेंबर ९३ च्या अंकावरचा एस्तेरचा फोटो मात्र कापून ठेवला आहे. त्याखाली छापलं होतं, "जगात हिचं कोणीही नाही."

पास्टरांवर अन्याय नको, म्हणून पुढचंही लिहिते. सप्टेंबर ९३ च्या भूकंपानंतर चौथ्या दिवशी आम्ही अकरा जण भाईंदरहून उमरगा तालुक्यात पोहोचलो. जिथं वासानं जवानही तोंड फिरवत होते, तिथं या माणसानं खांद्यावरून प्रेतं वाहिली. पण घोंगड्या वाटण्याआधी आम्ही गाणी म्हणायचो, पत्र्यांआधी प्रार्थना. एक बाई सरळ म्हणाली, "बाई, गाणं मागनं म्हना, आदी पत्रं द्या. तुमचा येशू चांगलाच आसंल, पर थंडी लई हाय." सगळे हसले. मीही हसले, आणि गाणं पुरं केलं. आम्ही लबाड नव्हतो. आमची श्रद्धा होती, आणि समोरच्याचे हात पसरलेले होते. हे दोन्ही एकत्र आलं की माणसाला आपलं सगळंच खरं वाटू लागतं.

कलम ४. आता मुद्द्याचं. वकीलसाहेब म्हणाले होते, "मॅडम, हे कलम काढून टाका. कोर्टात खोटं बोललो हे स्वतःच्या हातानं कोण लिहितं? उद्या पालकत्वच रद्द होईल." मी काढत नाही.

जवानांनी एक चार वर्षांची मुलगी आमच्या छावणीत आणून दिली होती. कुठल्या गावची, त्यांनाही धड माहीत नव्हतं. त्या दिवसांत ते तीन गावांत खणत होते. ती बोलत नव्हती. मंडळीनं तिचं नाव एस्तेर ठेवलं. बायबलातल्या एस्तेरनंही आपलं कूळ लपवलं होतं, पण तिला ते निदान ठाऊक होतं. मी पोरीला भाईंदरला आणलं. चाळिसाव्या दिवशी भात कालवताना ती पहिल्यांदा बोलली, "तेजूला वरण पायजे." मी तिला पोटाशी धरलं आणि कोणालाही सांगितलं नाही. पास्टरांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, देवानं दिलेलं आपण परत कसं करणार?" मला हेच ऐकायचं होतं.

पहिल्या वर्षश्राद्धाला, ३० सप्टेंबर ९४ ला, मंडळीबरोबर मी त्या तीनपैकी नागतळी गावच्या पत्र्याच्या वसाहतीत रक्तदाब तपासायला गेले. शेडच्या भिंतीवर मृतांची सरकारी यादी लावली होती. सरूबाई सरवदे नावाच्या म्हातारीच्या दंडाला मी पट्टा बांधला. तिला वाचता येत नव्हतं, पण आपली नावं कुठं आहेत ते तिनं कोणाकडून तरी समजून घेतलं होतं. दुसऱ्या हातानं तिनं दाखवलं, "ह्यो माजा म्हईपत. ही सून. आन् ही तेजू, नात. तिचं तर काईच घावलं न्हाई बगा." मी वाचलं. तेजश्री महिपत सरवदे, वय ४.

सरूबाईंनी विचारलं, "बाई, पट्टा पुन्यांदा का फुगवताय?"

मी म्हणाले, "आकडा नीट लागला नाही."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. ते न बोलता मी रक्तदाब लिहून घेतला, गोळ्या दिल्या आणि एसटीत बसले. नोव्हेंबरात ठाण्याच्या कोर्टात बायबलवर हात ठेवून सांगितलं की मुलीचे कोणी नातेवाईक माहीत नाहीत. पोर यादीत मेलेली राहिली तर तिला न्यायला कोणी येणार नाही, हे माझं गणित होतं. जिवंत पोरीला मी मेलेली ठेवली. हे पाप पास्टरांचं नाही, मंडळीचं नाही, माझं आहे.

कलम ५. शेजारी नानासाहेब बनसोडे, नगरपरिषदेत नोकरीला, मूळचे नागतळीच्या पलीकडच्या गावचे. साडेचार वर्षं त्यांच्याबरोबर मी सरूबाईंसाठी रक्तदाबाच्या गोळ्या पाठवल्या. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. परवा रविवारी वरचं कलम वाचून दाखवलं आणि सांगितलं, मी गेल्यावर हे सरूबाईंना कळवा.

ते चहा तसाच ठेवून उभे राहिले. "मी काय समजत होतो, ताई? ख्रिस्ती बाई आहे, पण आमच्या माणसांसाठी केवढा जीव. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगत फिरलो." मग दारातून वळून म्हणाले, "तुम्ही गेल्यावर कशाला? म्हातारी काय तोपर्यंत थांबणार आहे? की तिच्या शिव्या तुम्हाला ऐकायच्या नाहीत?"

त्याच संध्याकाळी ते सोलापूरच्या गाडीत बसले. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं आणि थांबवलंही नाही.

कलम ६. हे आज, बुधवारी लिहिते आहे.

काल शाळेतून आल्यावर एस्तेरला सांगितलं की तुझी आजी आहे. ती म्हणाली, "मग इतकी वर्षं का नाही आली?"

"मी तिला सांगितलंच नाही."

"का?"

"तू जाशील म्हणून."

ती गॅलरीत जाऊन बसली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, "ती मला घेऊन जाणारे का?" मी ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. पोर न जेवता झोपली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ करून.

आज अकरा वाजता नानासाहेब सरूबाईंना घेऊन आले. त्या पाणी प्यायल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या नाहीत, दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. साडेबाराला संध्याबरोबर एस्तेर शाळेतून आली, दप्तर न काढता तशीच उभी राहिली. मला वाटलं होतं म्हातारी धावेल, रडेल. ती जागची हलली नाही.

"नाव काय तुजं?"

"एस्तेर नीलिमा अमोलिक."

सरूबाई माझ्याकडे वळल्या. "माज्या लेकाचं नाव बी खाल्लंस व्हय गं?" मग आवाज चढला. "पाच वर्सं बुद्धाच्या ईहारात मेनबत्ती लावली मी हिच्या नावानं. जित्या लेकराच्या नावानं! तू आलीस, माजा हात धरलास, गोळ्या धाडत ऱ्हायलीस. आगं, येक डाव तरी बोलायचं!"

पोरगी रडत माझ्यामागे येऊन उभी राहिली. त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते, कारण मी अजून तीच बाई आहे. सरूबाईंनी ते पाहिलं. मी पोरीला पुढे केलं नाही. संध्यानं तिला जवळ घेतलं.

मी पाया पडायला वाकले तर सरूबाईंनी पाय ओढून घेतले. "माफी तुज्या देवाकडं माग. माज्याकडं पोरगी माग."

तेव्हा मी मागितली. पाच वर्षांत पहिल्यांदा, जिची होती तिच्याकडे.

त्यांनी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. म्हणाल्या, "आदी आपरेशन हू दे. मेल्या मानसाशी काय भांडू?" तोवर त्या इथंच राहणार आहेत. त्यांनी मला क्षमा केलेली नाही. ती गृहीत धरून कोणी वागू नये.

कलम ७. पालक नेमणं कोर्टाच्या हातात आहे. माझी इच्छा अशी की मी गेले तर आजीलाच विचारावं आणि मुलीलाही विचारावं. तिनं कोणत्या धर्मात राहायचं ते ती मोठी झाल्यावर ठरवील. तिच्यासाठी चर्चही खुलं असावं आणि विहारही. मी वाचले तरीही कलम ४ लागू आहे. ते घेऊन मी स्वतः ठाण्याच्या कोर्टात जाईन. संध्यानं नानासाहेबांना बरोबर घेऊन उमरग्याला अर्ज करावा आणि मृतांच्या यादीतून मुलीचं नाव काढून घ्यावं.

कलम ८. मृत्युपत्र पुरं झाल्यावर मी ते सर्वांसमोर वाचलं. सरूबाईंनी साक्षीदार म्हणून अंगठा द्यायला नकार दिला. म्हणाल्या, "हे कुनाचं नाव हाय? ह्या पोरीला मी वळकत न्हाई." म्हणून नोंद करते की वर जिथं जिथं एस्तेर लिहिलं आहे, तिथं तिथं तेजश्री महिपत सरवदे असं वाचावं. हे नाव मी माझ्या हातानं आज पहिल्यांदा लिहिलं. मुलीला मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिनं सावकाश वाचलं, मग आजीकडे बघून पुन्हा एकदा वाचलं. सरूबाईंनी पदरानं अंगठा पुसला आणि शाईचा पॅड मागितला.

ठिकाण: भाईंदर पूर्व
दिनांक: १० फेब्रुवारी १९९९

लिहून देणार: (सही) नीलिमा दावीद अमोलिक

आम्हा दोघांसमक्ष वाचून सही केली. यातलं आम्हाला काही मिळणार नाही.

साक्षीदार १: (सही) नानासाहेब बनसोडे, शेजारी

साक्षीदार २: सरूबाई सरवदे, राहणार नागतळी, तालुका उमरगा, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मुलीची आजी.