दोनदा विचारलेला प्रश्न

जळगाव, १४ नोव्हेंबर २०२४

ति. वनाभाऊस,
धाकट्या बेबीचा सा. न. वि. वि.

तुझे कान गेले, फोनवर बोललं तर अख्खी गल्ली ऐकते, म्हणून पत्र. अक्षर बघ माझं! दोन वर्षं संधिवाताने भाकरी थापता येत नव्हती. काल मी भरीत ठेचलं रे.

नव्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून समजावलं. अंगात टीएनएफ नावाचा निरोप्या असतो. पेशीच्या दारावरची कडी, म्हणजे रिसेप्टर, त्याने वाजवली की सूज. माझा मेला उगाचच वाजवत सुटतो. मी दर आठवड्याला घेते ते इंजेक्शन म्हणजे खोटी कडी. तो तीच धरून बसतो, खऱ्या दाराला शांतता.

सुई सुरू करण्याआधी, घरात कुणाला टीबी होता का, हे त्यांनी दोनदा विचारलं. तपासणी चांगली आलीय, पण स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती फसू शकते, खरं सांगा म्हणाल्या. मी नाही म्हटलं. शेजारी माझ्या ऋतिकाच्या होणाऱ्या सासूबाई बसल्या होत्या. अमळनेरचं स्थळ जुळत आलंय.

वहिनीला नमस्कार. बहिणीवर माया आहे तेवढी राहू दे.
तुझी बेबी

धुळे, १९ नोव्हेंबर

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

भरताचं वाचून डोळे भरले, पुढचं दोनदा वाचलं. अगं वेडे, आबा टीबीने गेले तेव्हा तू सात वर्षांची, त्यांच्याच ताटात जेवायचीस! औषधवाल्या नीलेशला विचारलं. तो म्हणाला, तोच निरोप्या टीबीच्या जंतूंना वर्षानुवर्षं कोंडून ठेवतो, त्याला अडवलं की ते मोकळे. सुई थांबवून आधी टीबीवरच्या गोळ्या घ्यायच्या, मग पुन्हा सुई घेता येते. उद्याच जाऊन खरं सांग, नाहीतर मी येऊन सांगतो.

तुझ्या लग्नात आपले वडील तापाने गेले असं मीच सांगत फिरलो होतो. ही खोड मीच लावली तुला.

तुझ्या जिवाचीच काळजी वाहणारा,
वना

जळगाव, २६ नोव्हेंबर

ति. भाऊस सा. न.

येशील तर माझी आण. अमळनेरला कळलं तर पोरगी घरी बसेल. फेब्रुवारीत लग्न उरकलं की मीच सांगते. थोडा खोकला आहे, थंडीचा. तू लहानपणापासूनच घाबरट. सगळं ठीक आहे रे, बठ्ठं बेस शे.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
बेबी

जळगाव, ३ फेब्रुवारी २०२५

ति. वनामामांस,
ऋतिकाचा शि. सा. न.

आईच्या तेराव्याला तुम्ही न जेवताच निघून गेलात. टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. दोनदा विचारलं होतं हो, म्हणत डॉक्टरीणबाई रडल्या.

परवा आईच्या साड्यांत तुमचं पत्र सापडलं. मामा, तुम्हाला माहीत होतं! मग आला का नाहीत? खूप राग येतोय तुमचा, आणि आईकडचं तुमच्याशिवाय आता कुणी नाही, म्हणून रडूही येतंय.

काल अमळनेरचे भेटायला आले. मी सगळं सांगून टाकलं, लग्न मोडायचं तर मोडा म्हटलं. सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, आमच्या मुलाला, हितेंद्रला, चार वर्षांपूर्वी टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, पूर्ण बरा झाला. तुम्हाला कळलं तर पोरगी देणार नाही, म्हणून आम्हीच लपवलं होतं.

ऋतिका