तळ्याकाठच्या जमिनीची हरकत

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा चेहरा आठवायचा म्हटलं की आजारपणातला चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो तळ्याकाठच्या रानातला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात सरकारी जीपच्या मागच्या बाजूला टेकलेले, आणि हसू काही केल्या आवरत नाही. त्या दिवशी आपण आपल्याच जमिनीसाठी भांडायला गेलो होतो. तुम्ही हसून सगळं बिघडवलंत, असं आई पुढे कायम म्हणायची.

ती जमीन तुम्ही बसच्या खिडकीतून पसंत केली होती. लातूर-किल्लारी गाडीवर कंडक्टर होता तुम्ही. औसा रोडला तळं लागलं की तिकिटं फाडायचं थांबवून तो उताराचा तुकडा बघायचा, असं तुम्हीच सांगायचा. शेवटी आपल्या गल्लीतले बांगडीवाले चाचा आणि तुम्ही मिळून ती घेतलीत, रस्त्याकडची वरची आपली, तळ्याकडची खालची त्यांची. मग भूकंप झाला. आपल्या जुन्या घराला भेगा गेल्या आणि कितीतरी महिने आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मला ते आवडायचं. पाऊस आला की पत्र्यावर असा काही आवाज व्हायचा की आईचं रागावणं ऐकूच यायचं नाही. तुम्ही मात्र किल्लारीला मदतीचं सामान घेऊन जात होता आणि घरी आल्यावर ताटावरून तसेच उठत होता. पुढे काही बांधलं तर हलकं बांधायचं, डोक्यावर दगड ठेवायचा नाही, हे तुम्ही त्याच दिवसांत ठरवलंत.

काही वर्षांनी लातुरात क्लासचे दिवस आले. दहावीचा निकाल लागला की तुमच्या गाडीत ट्रंका घेऊन पोरी चढायच्या, सोबत बाप नाहीतर मामा, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न की खोली कुठं मिळेल. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "पोरी खोल्या शोधायल्यात, अन् आपली जागा मोकळी पडली हाय." आईनं त्याच जेवणात चार खोल्या कशा काढायच्या, न्हाणी कुठं ठेवायची, हे सगळं ठरवून टाकलं.

आणि नेमकी तेव्हाच नोटीस लागली. तळं पाणथळ जागा म्हणून राखायचं, त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात पक्कं बांधकाम करायचं नाही, कुणाची हरकत असेल तर लेखी द्या. तळ्याकाठचे सगळे जमीनवाले आपल्या अंगणात जमले. त्यात एक कापडवाले शेठ होते, त्यांना तिथं मोठं होस्टेल बांधायचं होतं. माझं अक्षर बरं म्हणून लिहायला मला बसवलं. चाचा म्हणाले, "बगळ्याला सरकार घर द्यायलंय, अन् मला न्हाई." मला हसू फुटलं. तुम्ही मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेलात. आई चहा गाळत होती. "हसू नको," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "आपलं घर तरी नीट झालं. चाचांच्या भिंतीला भूकंपापासून टेकू लावलेत, अन् त्याखाली लेकरं झोपायलीत." तुम्ही माझ्यावर फारसे कधी रागावला नाहीत, म्हणून ते इतकं लक्षात राहिलं असेल.

बाहेर येऊन पाहिलं तर शेठचा आग्रह चालला होता, इथं पक्षी येतच नाहीत असं लिहा म्हणून. तुम्ही ते लिहू दिलं नाहीत. मग त्यांनी दुसरं वाक्य घालायला लावलं, की तळ्याचं पाणी या जमिनीपर्यंत कधीच येत नाही. तुम्ही मान खाजवलीत, पण सगळे एका बाजूला होते.

पावसाळा सरताना जागा बघायला अधिकारी मॅडम आल्या. मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे आम्ही सगळे टरकून होतो. शेठ ड्रायव्हरला म्हणाले, गाडी बिनधास्त आत घ्या, जमीन डांबरी रोडासारखी टणक आहे. जीप आत गेली, आणि काळ्या मातीत चाकं पार आसापर्यंत रुतली. मॅडम खाली उतरल्या, त्यांचीही चप्पल आत गेली. त्यांनी हातातला आपला अर्ज पाहिला आणि शांतपणे विचारलं, "पाणी इथपर्यंत कधीच येत नाही ना?"

तुम्ही हसलात. आधी रुमाल तोंडाला लावून, मग रुमालही राहिला बाजूला. मॅडमही हसल्या, चाचा हसले, आणि शेठ सोडून सगळ्यांनी मिळून जीप ढकलली. नंतर मॅडमनी स्पष्टच सांगितलं. रस्त्याकडची वरची जागा त्या राखीव पट्ट्याबाहेर ठेवता येईल, बाकी सगळं आत राहील, तिथं शेती करा, बांधकाम नको. झालंही तसंच. आपली वरची जागा मोकळी झाली आणि चाचांची सगळीच्या सगळी अडकली.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही चाचांना घरी बोलावलंत. "वरचं अर्धं तुम्ही घ्या," तुम्ही म्हणालात. "तुमचं खालचं मला द्या. मला ज्वारी पेरता येती." चाचा चष्मा काढून पुसायला लागले. आतून आई म्हणाली, "अन् पोरींच्या खोल्या?"

"दोन होतील की."

"चार होणार होत्या."

पुढचे काही दिवस तुमच्या ताटात भाकरी वाढली जात नव्हती, आपटली जात होती. पण चाचांचं बैठं घर उभं राहिलं आणि चाचींनी आईसाठी हिरव्या बांगड्या आणून स्वतःच्या हातानं भरल्या. त्या संध्याकाळी आई पुन्हा तुम्हाला "अहो" म्हणाली. आपल्या दोन खोल्यांत पहिली पोरगी नांदेडची आली. ती रडायला लागली की आई तिला आपल्याच ताटात जेवायला बसवायची.

आप्पा, खोल्या अजून आहेत. मी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते आणि राहते तिथंच. आता नवीन नोटीस आलीय, पट्टा रस्त्यापर्यंत वाढवणार म्हणे. आहेत ती घरं राहतील, नवीन काही बांधता येणार नाही. मला आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या, चाचांच्या मुलाला रस्त्यालगत दुकान. तो घरी आला, आम्ही चहा घेतला, सगळ्यांच्या वतीनं हरकत मीच लिहिली आणि चांगली खणखणीत लिहिली. काल देऊन आले. येताना तळ्यावर थांबले. पाण्यात कसली तरी बदकं उतरली होती, खोलीतल्या पोरी पुस्तकं मांडीवर ठेवून त्यांच्याकडेच बघत बसल्या होत्या, आणि मी त्यांना अभ्यासाला लागा असं म्हटलं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, तो पत्ता माझ्याजवळ नाही, म्हणून इथंच ठेवते. फक्त एक तुम्हाला सांगते, चाचांच्या मुलाला सांगितलेलं नाही. ती हरकत फेटाळली जावी असं मला वाटतंय.