बहिरूची आकडी

देवळाली गाव, नाशिक
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. तेजश्रीस गोदावरीआजीचे पोटभर आशीर्वाद.

काल आपल्याकडे दोघं आले. आधी आले ते रहेमान सुभेदार. दहाला येतो म्हणाले होते, नऊलाच स्कूटर दारात. माझे केस ओले, टॉवेल डोक्याला, आणि हे बाहेरून म्हणतायत, "मावशी, फौजी माणूस आहे, उशिरा यायला जमत नाही." तुझ्या माहेरचे, मालेगावचेच आहेत ते. तोफखान्यातून रिटायर झाले, आता माजी सैनिकांचे कागद फुकटात करून देतात. त्यांच्यामागून स्नेहा वकील आली. तुझ्याच वयाची असेल. चहाला नको म्हणाली आणि पोह्यांच्या दोन बशा खाल्ल्या. मला अशी माणसं आवडतात.

फोन केला नाही, कारण फोनवर तू तब्येत विचारतेस, मी बरी म्हणते, आणि तिथंच संपतं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चालवून घे. तुझी शाळा बरी चालली असेल. आईचा गुडघा कसा आहे? एरंडेल गरम करून लाव म्हणावं.

मयुरेश बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो. दिवाळीनंतर एकदाच फिट आली, ती पण छोटी. द्वारका चौकातल्या कापडदुकानात बसून करायचं काम आहे, मालक चांगला आहे. येताना बसने येतो, गाडीला हात लावत नाही.

तर काल हे दोघं आले ते त्याच्या दुसऱ्या अपिलासाठी. पहिलं फेटाळलं ते तुला माहीत आहे. का फेटाळलं ते स्नेहाने कागद समोर धरून मराठीत सांगितलं, मला समजावं म्हणून. फौजेत असताना आजार झाला, आणि तो नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला, तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. आजार घरूनच घेऊन आला असेल तर मिळत नाही. आणि मयुरेशच्या लष्करी दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, सोबतच्या नातेवाईक स्त्रीने सांगितल्याप्रमाणे रुग्णाला सहाव्या वर्षापासून आकडी येते.

स्नेहाने विचारलं, "ही नातेवाईक स्त्री कोण?"

मयुरेश भिंतीकडे बघून म्हणाला, "ती मालेगावला असते आता."

सुभेदार म्हणाले, "मग तिला विचारू. नंबर दे."

मी पोह्यांवर खोबरं घालत होते. ज्या दिवशी तुमचं यावरून भांडण झालं, त्या दिवशी मी ज्वारी निवडत होते. तू म्हणत होतीस, मी नाही सांगितलं, मला तर डॉक्टरने आतसुद्धा बोलावलं नाही. तो म्हणत होता, मग काय भिंतीने सांगितलं? मी ज्वारी निवडतच राहिले. खडा नव्हता एकही त्यात.

तेजश्री, ती स्त्री मी.

पहिल्या फिटनंतर त्याला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा तू खाली गोळ्या आणायला गेली होतीस. डॉक्टर तरुण होता, बिचारा शांतपणे विचारत होता. मी म्हटलं, साहेब, याला परत त्या बर्फात पाठवणार का? तो म्हणाला, ते आजारावर आहे, आधीपासून असेल तर घरी पाठवावं लागेल. मला तेवढंच ऐकू आलं, घरी. याची आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा, माझ्या मांडीवर वाढला. मी म्हटलं, हो साहेब, सहाव्या वर्षापासून आहे. त्याला खरं वाटेना, म्हणून मी सगळं सांगितलं. पाटाजवळ पडला, तोंडाला फेस आला, आम्ही कांदा फोडून नाकाशी धरला, चप्पल हुंगवली. यातलं काही मयुरेशचं नाही. माझ्या माहेरी, पेठला, शेजारच्या बहिरूला अशी आकडी यायची, मी लहानपणी पाहिली होती. बहिरूची आकडी मी माझ्या नातवाच्या कागदावर लिहून दिली. डॉक्टर भराभर लिहीत होता आणि मला वाटत होतं, किती छान लिहून घेतो.

काल हे सगळं मी खोबऱ्याची वाटी हातात धरूनच सांगितलं. मग सुभेदार म्हणाले, "मावशी, माझ्या अम्मीने पण डॉक्टरला सांगितलं होतं, पोराला रात्रीचं दिसत नाय. डॉक्टर हसला म्हणून माझी नोकरी राहिली. तुमचा डॉक्टर सीधा निघाला."

मयुरेश हसला नाही. म्हणाला, "आजी, मला विचारायचंस तरी. मी परत गेलो असतो." मग उठून मोरीत जाऊन उगाच हात धुतले, बराच वेळ.

मी स्नेहाला विचारलं, आता मला पकडतील का. ती म्हणाली, "नाही आजी, पण फौजवाले म्हणतील की ही बाई आता पेन्शनसाठी खोटं बोलते." म्हणून मी खरं काय ते लिहून देणार, त्या कागदाच्या आधी भरतीचा कागद लावायचा. भरतीच्या वेळी त्यांच्याच डॉक्टरांनी मयुरेशला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं आणि कुठलाही आजार नाही असं लिहिलं. मग आजार नोकरीत आला असंच धरायचं असतं. तसं नसेल तर ते दाखवायचं काम त्यांचं, याचं नाही. निकाल आपल्या मनासारखा लागेलच असं तिने सांगितलं नाही. मला तेही आवडलं. माझं खोटं मध्ये आडवं पडलं होतं, ते तरी निघेल.

हसशील, पण मी काल दोन भाकरी खाल्ल्या. शेजारीण म्हणाली, आजी आज गाणं म्हणताय. मी म्हणत होते वाटतं.

मयुरेश तुला फोन करणार होता. नंबर काढतो, बघतो, ठेवतो. त्याला लाज वाटते. त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला नाही ते त्याचं, ते त्यानेच तुझ्यापुढे बोलावं. मी मध्ये पडून पुन्हा काही सांगणार नाही, एकदा सांगून बघितलं. पण मी गप्प बसले ते माझं. सात महिने तू माहेरी बसलीस आणि मी इथं तुझ्या हातच्या शेवग्याच्या आमटीची आठवण काढली, खरं मात्र बाहेर काढलं नाही. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, ते फार छोटं दिसलं कागदावर, म्हणून खोडलं.

स्नेहा म्हणाली, त्या दिवशी डॉक्टरने तुला काही विचारलं नाही एवढं तू लिहून दिलंस तर माझ्या कागदाला जोर येईल. नाही दिलंस तरी अपील जाणारच आहे. त्यासाठी ये असं मी म्हणणार नाही. रागाने आलीस तरी चालेल, नाही आलीस तरी चालेल; मी तुझ्या जागी असते तर आले नसते, हे मला माहीत आहे.

माझा कागद टाइप होऊन येतोय. त्यावर मी अंगठा नाही, सही करणार आहे, पूर्ण नाव लिहून. दोघं परत येणार आहेत मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी अकराला.

तुझ्यावर आळ येऊ दिला ती,
गोदावरी