तुमच्या पिंपळाला फुलं आली

पप्पा, काल आईला तुमच्या कंपनीत घेऊन गेले. कंपनी आता नाही, तिथे मोठी बाग झालीय. पण आईने रिक्षावाल्याला कंपनीचंच नाव सांगितलं आणि तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तिला एकदा तुमच्या पिंपळाखाली बसायचं होतं. कंपनीला टाळं लागल्यावर, तुम्ही होतात तोवर, आम्हाला भिंतीबाहेर उभं करून दाखवायचात, "तो बघा, शेंडा दिसतोय." मला कधीच काही दिसलं नाही, आईला मात्र दरवेळी दिसायचा. बाग करताना झाड तोडलं असेल तर तिला काय सांगायचं, याचीच मला धास्ती होती.

सकाळचं कोवळं ऊन होतं. आत गेलं की आधी चिनी बाग, मग मोगल बाग, कारंजी, मधे तळं, आणि या सगळ्यांतून वळत जाणाऱ्या पायवाटा. आई प्रत्येक वळणावर थांबते आणि मला भलतंच काही दाखवते. लाल कमानीपाशी म्हणते, "इथे टाइम ऑफिस." बदकांच्या तळ्यापाशी म्हणते, "इथे बॉयलर. ह्यांचे शर्ट इथेच घामाने पिवळे पडायचे." बाजूने माणसं जॉगिंग करत जातात, आम्ही आपल्या रमतगमत चालतोय, आणि हळूहळू मलाही दोन्ही दिसायला लागतं. कारंज्याच्या तुषारांपलीकडून तुम्ही येताय, हातात खिरीचा डबा, अंगात बुद्धपौर्णिमेचा पांढरा शर्ट. त्या दिवशी कँटीनच्या मागे तुमच्या खात्यातली आपली माणसं जमायची. साहेबांची परवानगी काढून पिंपळाचं ते रोप तुम्हीच तिथे लावलेलं, खाडीच्या बांधावरून डालड्याच्या डब्यात आणून. मी एकदा त्याच्या फांदीला लोंबकळले, तर सगळ्यांदेखत ओरडलात, "त्याच्याखाली बसतात, त्याला लटकत नाहीत!" मी रुसले, आणि मग तुमच्या वाटीतली खीरसुद्धा मीच संपवली.

झाड होतं, पप्पा. पायवाटेच्या कडेला, केवढं तरी पसरलेलं, भोवती बसायला कट्टा. आई टेकली आणि तिने पिशवीतून मेणबत्ती काढली. लगेच शिट्टी वाजली. वॉचमन आला, "आजी, इथे पेटवायला अलाऊड नाय."

"पेटवत नाही रे. नुसती ठेवते, चालेल ना?"

"ठेवा, ठेवा," तो हसून म्हणाला.

तेव्हा कुठे मी वर पाहिलं. पानांना पिंपळाचं ते लांब शेपूट नव्हतं, आणि फांद्यांमधून मोठाली पिवळी फुलं डोकावत होती. पप्पा, तो पिंपळ नाही. खाडीकाठी उगवतो तो भेंड आहे. दोघांची पानं पाहताना फसायला होतं, आणि तुम्ही घाटावरून आलेला माणूस, तुम्हाला खाडीची झाडं कोण ओळखायला शिकवणार? मी मात्र जन्मभर शाळेत पानंफुलंच शिकवत आले. माझी जीभ शिवशिवली.

तेवढ्यात आईने कट्ट्यावर पडलेलं फूल उचललं. "अगं, ह्यांच्या पिंपळाला फुलं आली!" चेहरा असा फुलला की गुडघा बिडघा सगळं विसरली. फूल उलटसुलट करून बघत राहिली आणि जरा वेळाने हळूच म्हणाली, "त्यांना कळवायला हवं होतं गं."

मी म्हटलं, "कळवते."

ती बराच वेळ डोळे मिटून बसली. मीही बसले. वाऱ्याने पानं हलत होती, तळ्याकडून बदकांचा आवाज येत होता, आणि मला तुमची इतकी आठवण आली की आईकडे पाहवेना. निघताना तिने हात जोडले. झाड कशाचं ते ठाऊक असूनही मीसुद्धा जोडले.

तुम्हाला खरं तर एवढंच कळवायचं होतं, की तुमच्या पिंपळाला फुलं आली. पण शिकवायची खोड जात नाही, सगळंच लिहून बसले. आता हे पत्र पाठवता यायचं नाही. पाठवलं तर झाड कशाचं ते तुम्हाला कळेल.